मासा टोपात शेवटी का पडतो

कोकणात माशाचं कालवण करताना तुकड्या कधीच आधी पडत नाहीत. वाटण परतून, पाणी घालून, आमसुलं टाकून रसाला खळखळून उकळी आली, की मग पापलेटाच्या नाहीतर सुरमईच्या तुकड्या अलगद सोडायच्या. त्यानंतर पळीला हात लावायचा नाही. मसाला सगळीकडे पोचावा म्हणून टोपच दोन्ही बाजूंनी धरून हलवायचा आणि थोड्या वेळात गॅस बंद करायचा. मटण तासभर शिजवलं की मऊ होतं. मासा तासभर शिजवला तर कालवणात नुसते काटे शोधायचे.

हा फरक पडतो तो मासा राहतो त्या जागेमुळे. बकरीला आपलं वजन चार पायांवर दिवसभर पेलायचं असतं. त्यासाठी तिच्या स्नायूंचे लांब धागे कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाने घट्ट बांधलेले असतात. माशाचं वजन पाणीच पेलतं. त्याचे स्नायू आखूड धाग्यांचे असतात आणि पातळ पडद्यांनी वेगळ्या केलेल्या थरांत एकामागोमाग एक रचलेले असतात. ते पडदेही कोलॅजेनचेच, पण अगदी नाजूक. साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसला ते विरघळायला लागतात. शिजलेल्या सुरमईच्या तुकडीवर अंगठा दाबला की पाकळ्या सुटतात, त्या याच पडद्यांच्या जागी. बहुतेक मासे ५५ ते ६० अंशांच्या आसपास शिजून तयार असतात. उकळता रस असतो १०० अंशांचा, त्यामुळे थोडंसं दुर्लक्ष झालं तरी मासा कोरडा होतो किंवा विस्कटतो. पळी न घालण्याचा नियम जिने घातला तिला कोलॅजेन माहीत नव्हतं, पण त्याचा स्वभाव पुरेपूर माहीत होता.

जगभरच्या माशांच्या पाककृती शेजारी शेजारी ठेवल्या की मला हेच जाणवतं. मसाले, तेल, भांडी सगळं निराळं असतं, पण खालचे मोठे निर्णय माशाच्या शरीराने आधीच घेऊन ठेवलेले असतात.

वासाचंच बघा. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं. माशाच्या अंगातले द्रव त्याहून बरेच कमी खारट असतात, म्हणून समुद्र सतत त्याच्या शरीरातलं पाणी ओढून घेऊ पाहतो. ही ओढ सोसायला समुद्री जीव पेशींमध्ये काही रेणू साठवून ठेवतात. त्यातला एक ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड. नाव जड असलं तरी याला स्वतःला वास नाही. त्याचं दुसरं काम प्रथिनांना दाबापासून वाचवण्याचं. मासा जितक्या खोल पाण्यातला, तितका हा रेणू त्याच्या अंगात जास्त. २०२२ साली जपानजवळच्या इझु-ओगासावारा गर्तेत ८,३३६ मीटर खोलीवर एका माशाचं चित्रीकरण झालं. तिथे टिकून राहण्यात या रेणूचा मोठा हात असतो.

मासा मेला की जिवाणू या रेणूतला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतं ते ट्रायमिथाइलअमाइन. शिळ्या मासळीचा जो वास बाजारात शिरण्याआधीच नाकाला कळतो तो याचाच. हा रेणू अल्कधर्मी आहे. आम्ल भेटलं की त्याचा क्षार होतो, आणि क्षार हवेत उडत नाही. जे नाकापर्यंत पोचतच नाही त्याचा वास येणार कुठून? म्हणून कोकणात कोकम, इंग्लंडात तळलेल्या माशावर व्हिनेगर, भूमध्य समुद्राकाठी लिंबाची फोड आणि फिलिपीन्समध्ये सिनिगांग नावाच्या आंबट रश्शात चिंच. हळद, मीठ आणि आगळ लावून तुकड्या मुरत ठेवण्यात चव आहेच, पण निम्मं काम रसायनाचं.

गोड्या पाण्यातल्या माशाला ही मिठाची लढाई लढावी लागत नाही. रोहू-कटल्यात हा रेणू फारसा नसतोच. त्यांची तक्रार वेगळी, मातकट वासाची. तो येतो जिओस्मिनमुळे. मातीतले आणि तळ्यातले काही सूक्ष्मजीव ते तयार करतात. पहिल्या पावसानंतर ज्या मृद्गंधाने आपण हरखून जातो, त्यातला मुख्य घटक हाच. हवेत आला की कविता, ताटात आला की नाक मुरडणं. जिओस्मिनही आम्लात टिकत नाही, त्याचं रूपांतर बिनवासाच्या रेणूत होतं. आंध्रातल्या चेपल पुलुसूत नदीच्या माशावर चिंचेचा इतका घट्ट कोळ का ओततात, ते यावरून समजतं.

मुशी आणि पाकट यांची तऱ्हा आणखी निराळी. या कुळातले मासे खाऱ्या पाण्याशी झुंजायला अंगात चक्क युरिया साठवतात. मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. आपल्याकडे मोरी, म्हणजे मुशी, ताजीच घेतात, उकडून ते पाणी फेकतात, खरखरीत कातडी घासून काढतात आणि मग तिला भाजल्या खोबऱ्याचा तिखट मसाला लावतात. युरिया पाण्यात विरघळतो, त्यामुळे ही रीत बिनचूक आहे. कोरियाच्या नैर्ऋत्येला मात्र लोकांनी उलटी वाट धरली. पाकटाच्या जातीचा होंगो मासा ते मुद्दाम आंबवतात. अमोनिया इतका तयार होतो की दुसरे जिवाणू तग धरू शकत नाहीत आणि मासा मिठाशिवाय टिकतो. उकडलेलं डुकराचं मांस आणि जुनी किमची यांच्यासोबत तो मानाने वाढतात. आइसलंडचा हाकार्ल याच जातकुळीतला. ग्रीनलंड शार्कचं ताजं मांस विषारी असतं. ते कित्येक आठवडे आंबवून आणि मग काही महिने वाऱ्यावर टांगून खाण्याजोगं केलं जातं. दोन्हींचं वर्णन वाचूनच माझी हौस फिटली आहे.

आम्लाने मासा शिजतो का, हा प्रश्न पेरूच्या सेविचेमुळे नेहमी निघतो. कच्च्या माशाचे तुकडे लिंबाच्या रसात टाकले की काचेसारखं मांस पांढरं, घट्ट होतं. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडतात तशाच त्या आम्लानेही उलगडतात. पूर्वी मासा तासन्‌तास लिंबात पडून असे. १८९९ पासून पेरूत जपानी मजूर गेले, त्यांच्या वंशजांनी कच्च्या माशाची गोडी लावली, आणि हल्ली लिंबाचा स्पर्श काही मिनिटांपुरताच असतो. मात्र आम्लाने मांसाचं रूप बदलतं, आतले परजीवी मरत नाहीत. अनिसाकिस नावाची बारीक अळी लिंबाला जुमानत नाही. म्हणून कच्चा खायचा मासा उणे २० अंशांत सात दिवस गोठवावा, असं अमेरिकेच्या अन्न प्रशासनाचं मार्गदर्शन आहे. घरी सेविचेचा प्रयोग करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

बांगड्याचं प्रकरण आणखी वेगळं. पापलेट झटक्यापुरतं पळतं, म्हणून त्याचं मांस पांढरं. बांगडा आयुष्यभर थव्यात पोहत राहतो. बांगडा आडवा चिरून बघा: बाजूच्या रेषेखाली गडद तांबडा पट्टा दिसेल. हा न थकणारा स्नायू. त्यात प्राणवायू धरणारं मायोग्लोबिन असतं आणि इंधन म्हणून चरबी. चव जास्त लागते ती यामुळे, आणि लवकर खवटही होतो तो यामुळे. बांगडा, कुपा, गेदर यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्लही भरपूर असतं. मासा बर्फाविना उन्हात पडून राहिला तर जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पुरळ येतं. माणसाला वाटतं आपल्याला माशाची ॲलर्जी आहे, आणि तो बिचारा जन्मभर बांगडा सोडतो. हिस्टामाइन शिजवून जात नाही, तळूनही जात नाही. उपाय एकच, जाळ्यातून निघाल्यापासून बर्फ.

या तेलकट माशासोबत कोकणात तिरफळ घालतात. बांगड्याचं तिखलं त्याशिवाय होत नाही. वाळक्या तिरफळातली काळी बी फेकायची, सालं किंचित ठेचून रसात टाकायची. जिभेला हलक्या मुंग्या येतात. तिरफळाचं झाड झँथोझायलम या कुळातलं. याच कुळातली सिचुआन मिरी चीनमध्ये तिखट तेलातल्या माशावर पडते, आणि याच कुळातल्या सान्शोची पूड जपानमध्ये भाजलेल्या ईल माशावर भुरभुरतात. सिचुआन मिरीने ओठांवर जी थरथर होते ती सेकंदाला सुमारे ५० कंपनांसारखी भासते, असं लंडनच्या संशोधकांनी २०१३ साली मोजून दाखवलं. तीन दूरच्या मुलखांनी एकमेकांना विचारून हे केलं असेल असं मला वाटत नाही. चरबीने जड झालेल्या जिभेला कुणीतरी हलवून जागं करावं लागतं, आणि हे फळ ते काम मिरचीपेक्षा सभ्यपणे करतं.

मासा मेल्यानंतरही त्याच्या पेशींत बरंच काही चालू असतं. स्नायूंचं इंधन असलेला एटीपी टप्प्याटप्प्याने मोडतो आणि वाटेत आयनोसिनेट तयार होतं. हे चवदार. आणखी वेळ गेला की तेही मोडून कडवट हायपोझँथीन उरतं. जपानी मच्छीमार मासा पकडल्याबरोबर त्याच्या मेंदूत खिळा खुपसून त्याला तत्काळ मारतात. तडफडण्यात एटीपी खर्च होत नाही, आणि चवीचा हा मधला टप्पा जास्त काळ हाती राहतो. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हा चवदार पदार्थ वेगळा काढला. १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशी या वाळवलेल्या माशातून आयनोसिनेट शोधलं. दोन्ही एकत्र आले की चव बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते. कोम्बू आणि कात्सुओबुशीच्या पाण्यात केलेल्या साध्या मिसो सूपचं गुपित हे.

कात्सुओबुशी म्हणजे उकडून, पुन्हा पुन्हा धुरी देऊन, बुरशी चढवून, उन्हात वाळवून लाकडासारखा टणक केलेला कुपा. हाच मासा मालदीवमध्ये आणि आपल्या लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर उकडून, धुरावर वाळवून ठेवतात. तिथे त्याला मासमीन म्हणतात. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४३ मध्ये मालदीवला पोचला, तेव्हाही हा धंदा जोरात होता. तांबड्या मांसाच्या, चरबी नसलेल्या या माशाचे तुकडे उकडून धुरावर धरतात आणि तो भारत, चीन, येमेनला जातो, असं त्याने लिहून ठेवलं आहे. चरबी नाही हा तपशील त्याने बरोबर टिपला. चरबीला हवा लागली की ती खवट होते, म्हणून महिनोन्‌महिने वाळवायचा तो मासा बिनचरबीचाच हवा.

बोंबलाला हे नेमकं लागू पडतं. ताज्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाणीच असतं, म्हणून तळण्याआधी तो वजनाखाली दाबून निथळवावा लागतो. चरबी नावापुरती. वर्सोवा-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टांगतात. मीठ लावत नाहीत. अंग सडपातळ, ऊन कडक, खारा वारा, त्यामुळे जिवाणूंना सवड मिळायच्या आत तो वाळतो. चरबीवाला बांगडा असा टांगून चालत नाही, त्याला खारवावंच लागतं.

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासाही मिठाशिवाय जोडीजोडीने टांगतात, फक्त शेपट्या बांधून. कॉड आपली चरबी मांसात ठेवतच नाही, यकृतात ठेवतो. कॉड लिव्हर ऑइल येतं ते तिथून. फेब्रुवारी ते मे हवा शून्याच्या आसपास रेंगाळते: माश्या नाहीत, जिवाणू सुस्त, आणि मासा तीन महिन्यांत काठीसारखा होतो. हा वाळवलेला कॉड इटलीत जातो आणि नायजेरियातही. नायजेरियात बियाफ्राच्या युद्धकाळात, १९६७ ते १९७० मध्ये, तो मदतीचं अन्न म्हणूनही पोचला. वाळलेली मुंडकीसुद्धा तिकडे रश्शात पडतात. त्या मुंडक्यांतली जीभ मात्र बहुतेकदा आधीच कापून घेतलेली असते. ते काम लोफोटेनमधली शाळकरी मुलं करतात, आणि त्याचे पैसे त्यांच्याच खिशात जातात.