उकळल्याने पाण्यातले शिसे जात नाही

“शाळेतले पाणी उकळून गाळले की त्यातले शिसे निघून जाते,” असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. उकळल्याने जंतू मरतात, हे खरेच असल्यामुळे हा समज स्वाभाविक आहे; परंतु शिसे हा धातू आहे, तो मरत नाही आणि त्या तापमानाला वाफही होत नाही. 10 लिटर पाणी आटून 9 लिटर झाले, तर शिसे तेवढेच राहते आणि उलट किंचित दाट होते.

रंग, वास, चव यांवरूनही ते ओळखता येत नाही. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण दाखवणाऱ्या टीडीएस मीटरचाही उपयोग नाही, कारण शिशाची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम, तर मीटरवरचा एक आकडा म्हणजे लिटरमागे 1,000 मायक्रोग्रॅम; इतके थोडे शिसे त्यावर दिसतच नाही.

शिसे बहुधा जुने नळ, जोड आणि ते सांधणारा डाख यांतून, पाणी रात्रभर साचल्यावर उतरते. म्हणून सकाळी नळ प्रथम सोडताच एक नमुना आणि पाणी काही मिनिटे वाहू दिल्यावर दुसरा घेऊन दोन्ही प्रयोगशाळेत तपासावेत. पहिल्यात शिसे जास्त आढळल्यास दोष बहुधा त्या नळाजवळच असतो. मुलांचे शरीर प्रौढांपेक्षा अधिक शिसे शोषते व त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो, त्यामुळे ही तपासणी नळागणिक करणे योग्य.