नियमित पाळीआड लपलेला अडथळा

गर्भावस्थेच्या आठव्या आठवड्यानंतर मुलीच्या शरीरात दोन बाजूंच्या दोन नळ्या मध्यरेषेत येऊन जोडल्या जातात आणि त्यांच्यापासून गर्भाशय व योनीमार्गाचा वरचा भाग घडतो. योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नळ्यांची जडणघडण अपुरी राहिली, की जन्मजात व्यंग उरते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा व्यंगांचे प्रमाण सर्वसाधारण स्त्रियांत सुमारे ५.५ टक्के आढळले. त्यांपैकी अनेकींना उपचारांची गरजच नसते.

‘ओहविरा’ या दुर्मीळ व्यंगात मात्र वेळेला फार महत्त्व आहे. यात गर्भाशये दोन असतात, त्यांपैकी एकाची वाट योनीमार्गातील पडद्याने बंद असते आणि बहुधा त्याच बाजूचे मूत्रपिंडही नसते, कारण मूत्रपिंडाचा अंकुर ज्या नळीतून फुटतो तीच म्यूलरच्या नळीला वाढीची दिशा देते. मोकळ्या बाजूने पाळी दर महिन्याला येत राहते, म्हणून अडथळ्याची शंकाच कोणाला येत नाही. बंद बाजूचे रक्त साचून उलटे पोटात जाते, त्यातून एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) उद्भवू शकतो आणि गर्भनलिका व अंडाशयांना इजा पोहोचू शकते. ‘पाळीत दुखायचेच’ असे मुलीला सांगून गप्प बसवणे म्हणूनच घातक आहे. दर महिन्याला वाढत जाणाऱ्या वेदनेची तपासणी व्हायलाच हवी.

सोनोग्राफी आणि एमआरआयने निदान पक्के झाले, की योनीमार्गातूनच तो पडदा कापून काढतात. नुसते छिद्र पाडून रक्त वाहू देणे पुरत नाही, कारण ते छिद्र पुन्हा बुजते आणि आत जंतुसंसर्ग होऊन पू साचू शकतो. पूर्वी बंद बाजूचे गर्भाशय काढून टाकण्याकडेही कल असे. आता शक्यतो दोन्ही राखली जातात, आणि गर्भ त्यांपैकी कोणत्याही गर्भाशयात रुजू शकतो. बारीक दुर्बिणीने ही शस्त्रक्रिया योनीपटलाला धक्का न लावताही करता येते, ही अल्पवयीन मुलीच्या पालकांना मोठा दिलासा देणारी गोष्ट आहे. पुढे गर्भ राहिल्यावर मुदतपूर्व प्रसूतीची आणि बाळ पायाळू असण्याची शक्यता अधिक असल्याने देखरेख काटेकोर ठेवावी लागते.

एकच मूत्रपिंड असल्याचे बालपणीच कळलेल्या मुलीची, स्तनांची वाढ सुरू झाल्यावर पण पहिल्या पाळीच्या आधी, गर्भाशयाची सोनोग्राफी करून घ्यावी.