ठाण्याची गरम कुंडं आणि जमिनीत सोडलेली वीज

तानसेच्या काठी अकलोलीला, गणेशपुरीला कुंडात पाय सोडून बसलं की शेजारचं कुणीतरी हमखास सांगतं, "खाली ज्वालामुखी आहे." होता खरा, पण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी. ठाण्याचा काळा कातळ ही त्याचीच थिजलेली लाव्हा. आजचं पाणी तापतं ते पावसाचं पाणी भेगांतून फार खोल मुरतं आणि तिथल्या उष्णतेनं गरम होऊन वर येतं म्हणून. न खोदता असलं पाणी शोधायची एक रीत शंभर वर्षांहून जुनी आहे.

कोरडा, अखंड बेसाल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, विजेला सहज वाट देत नाही. त्यात पाणी भरलं की देतो, खारं किंवा गरम पाणी असलं तर आणखी सहज. कॉनराड श्लुम्बर्जे या फ्रेंच माणसानं 1912 साली नॉर्मंडीत जमिनीत वीज सोडून विद्युतदाबाचा नकाशा काढला. 1915 मध्ये अमेरिकेत फ्रँक वेनरनं एका रेषेत सारख्या अंतरावर चार सळया ठोकायची पद्धत मांडली. बाहेरच्या दोन सळयांतून वीज जाते, आतल्या दोन दाब मोजतात. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की वीज अधिक खोलवरचं सांगते. आपल्याकडे बोअर मारण्याआधी 'रेझिस्टिव्हिटी' करतात, म्हणजे जमीन विजेला किती रोध करते ते मोजतात, तिचं मूळ हे.

ज्वालामुखीच्या प्रदेशात या सळयांचा खरा कस लागला. न्यूझीलंडच्या वैराकेईला 1958 मध्ये भूऔष्णिक वीज सुरू झाली आणि पुढच्या दशकात तिथल्या गरम पाण्याच्या साठ्याची हद्द याच मोजणीनं आखली गेली. मला मात्र हवाईचा किलाउआ ज्वालामुखी जास्त मोलाचा वाटतो. तिथल्या शिखरावर विद्युत मोजण्या झाल्या होत्या, आणि 1973 साली भूभौतिकतज्ज्ञ जॉर्ज केलर यांच्या नेतृत्वाखाली 1262 मीटर खोल बोअर मारलं गेलं. पाणी लागलं जवळपास अर्ध्या किलोमीटरवर. धगधगत्या ज्वालामुखीच्या माथ्याखाली भूजल! पुढे 2018 मध्ये त्याच शिखराचं मुख खचून फार खोल गेलं, आणि 2019 च्या जुलैत त्याच्या तळाशी पाण्याचं डबकं दिसलं. वाढत वाढत त्याचा तलाव झाला. डिसेंबर 2020 मध्ये लाव्हा आली आणि तो उकळून वाफ झाला.

पण कमी रोध म्हणजे पाणीच, असं समजणं घातक. गरम पाण्यानं खडक कुजून चिकणमाती होते, तीही वीज सहज वाहते. आइसलंडच्या भूऔष्णिक क्षेत्रांत तर उलट दिसतं: वरचा मातकट थर कमी रोधाचा, आणि त्याखालचा, अधिक तापलेला गाभा जास्त रोधाचा.

आपल्या जिल्ह्यात हा घोळ आणखी वाढतो. खाडीकाठचं खारं पाणी, कुजलेल्या कातळाची माती आणि कोकणातल्या झऱ्यांचं क्षारयुक्त गरम पाणी, तिघांच्या रोधाचा आकडा सारखाच कमी येऊ शकतो. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी कोकणपट्टीत अशा मोजण्या केल्या आहेत. म्हणून अशा आकड्याशेजारी पाण्याचं तापमान आणि त्यातले क्षार मांडून बघावेच लागतात.