सेंटेंद्रे

हंगेरीच्या पेश्त परगण्यातील डॅन्यूबकाठचे एक छोटे शहर. बुडापेस्टच्या उत्तरेस सुमारे २० किमी.वर, नदीच्या उजव्या काठी वसलेले. लोकसंख्या २५ हजारांहून अधिक. नावाचा अर्थ ‘संत अँड्र्यू’. हंगेरियनमध्ये रोमन ‘एस’चा उच्चार ‘श’ होतो, आणि त्याला ‘झेड’ जोडला की ‘स’. त्यामुळे आपण ज्याला बुडापेस्ट म्हणतो ते तिथल्यांच्या तोंडी बुडापेश्त असते. हे गाव मात्र ‘स’नेच सुरू होते. सर्ब लोक त्याला सेंटांद्रेया म्हणतात. हेही नाव लक्षात ठेवावे, कारण प्रवासी जे पाहायला येतात त्यातले बरेचसे सर्बांनीच उभे केले आहे.

गाव नदीकाठी असले तरी ही डॅन्यूबची मुख्य धार नव्हे. विशेग्राद या गावाजवळ नदी दुभंगते आणि दोन धारांच्या मध्ये सुमारे ३० किमी. लांबीचे सपाट, चिंचोळे सेंटेंद्रे बेट तयार होते. पश्चिमेकडची लहान धार गावाला लागून वाहते. समोरच्या काठावर झाडीच दिसते, कारण ते बेट आहे. बेटाच्या वाळू-खडीतून गाळून आलेले पाणी विहिरींतून उपसून बुडापेस्टला पुरवले जाते.

रोमन काळी डॅन्यूब ही साम्राज्याची सरहद्द होती आणि येथे उल्किसिया कास्त्रा नावाचे लष्करी ठाणे होते. मध्ययुगीन वस्ती तुर्की अमलात जवळपास ओस पडली. टेकडीवरचे कॅथलिक चर्च हा त्या जुन्या गावाचा ठळक अवशेष. भिंतीवर सूर्यघड्याळ आहे. चर्चसमोरच्या कठड्याशी उभे राहिले की खाली कौलारू छपरे, घुमट आणि त्यांच्या फटीतून नदी दिसते. गावाची बहुतेक छायाचित्रे इथूनच काढलेली असतात.

गावाचा खरा इतिहास १६९० मध्ये सुरू होतो. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १६८८ मध्ये तुर्कांकडून बेलग्रेड घेतले तेव्हा अनेक सर्ब ऑस्ट्रियाच्या बाजूने उभे राहिले. दोनच वर्षांत तुर्कांनी शहर परत जिंकले आणि या लोकांना सूडाची धास्ती वाटू लागली. सम्राट लिओपोल्ड पहिला याने त्यांना आश्रय आणि धर्मस्वातंत्र्याची सनद दिली. सर्ब ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख (पॅट्रिआर्क) आर्सेनिये चार्नोयेविच यांच्यामागोमाग हजारो कुटुंबे उत्तरेकडे निघाली. त्यांतली काही इथे थांबली. १३८९ च्या कोसोवोच्या लढाईत मारला गेलेला सर्ब राज्यकर्ता लाझार याच्या अस्थीही त्यांनी सोबत आणल्या होत्या. नदीजवळ लाकडी देऊळवजा चर्च बांधून त्यात त्या ठेवल्या गेल्या आणि १६९७ मध्ये दक्षिणेकडे, फ्रुश्का गोरा डोंगरातल्या मठात हलवल्या. त्या जागी आता एक क्रूस उभा आहे. बरेच प्रवासी तो न पाहताच पुढे जातात.

परत जायचेच आहे, या समजुतीने निर्वासितांनी सुरुवातीला सगळे लाकडाचे बांधले. परतणे झाले नाही. अठराव्या शतकात द्राक्षमळे, चामड्याचा धंदा आणि डॅन्यूबवरील व्यापार यांतून पैसा आला, तशी लाकडी चर्चे पाडून दगडी बांधली गेली. त्यांची नावे वाचली की मागे सोडलेल्या मुलखाचा नकाशाच समोर येतो: बेलग्रेडवाल्यांचे, पोझारेवात्सवाल्यांचे, चिप्रोवत्सीवाल्यांचे, ओपोवोवाल्यांचे. मुंबईत कोकणातून आलेल्या गाववाल्यांनी खोल्या घेतल्या, त्यालाही गावाचेच नाव दिले. तशातलीच ही गोष्ट. काही चर्चे पुढे कॅथलिक आणि रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंट) पंथीयांकडे गेली.

या चर्चांची गंमत बाहेर आणि आत यांच्या तफावतीत आहे. बाहेरून ती मध्य युरोपातल्या कोणत्याही बरोक शैलीच्या चर्चसारखी दिसतात, कारण बांधण्याची तऱ्हा ऑस्ट्रियन राज्यातली. आत शिरल्यावर बाके फारशी नाहीत, धुपाचा वास, आणि वेदी झाकणारी, छतापर्यंत गेलेली, सोनेरी चौकटीत बसवलेल्या संतचित्रांची भिंत. मुख्य चौकातले ब्लागोवेश्तेन्स्का चर्च १७५२ ते १७५४ या काळातले आहे. चौकाच्या मध्यावरचा क्रूस सर्ब व्यापाऱ्यांच्या मंडळाने १७६३ मध्ये उभारला. प्लेगची साथ गावाला चुकवून गेली म्हणून. चौकाभोवतीची घरेही व्यापाऱ्यांचीच. सर्वांत भव्य ते टेकडीजवळचे बेलग्रेड कॅथेड्रल, लाल मनोऱ्याचे. त्याच्या आवारातल्या संग्रहालयात हंगेरीभरातल्या ओस पडलेल्या सर्ब चर्चांमधली चित्रे आणि पूजापात्रे ठेवली आहेत. वेळ थोडा असेल तर इतर सगळे सोडावे, हे सोडू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. पहिल्या महायुद्धानंतर सरहद्दी बदलल्या आणि बहुतेक सर्ब कुटुंबे नव्या युगोस्लाव राज्यात निघून गेली. गावाकडे जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा उरला नाही. आज जिला ‘जपलेली’ वास्तू म्हणून दाद मिळते, ती बऱ्याच अंशी या गरिबीमुळे वाचली आहे.

स्वस्त घरे, उतरते बोळ आणि नदीवरचा उजेड यांमुळे चित्रकार इकडे वळले. कारोय फेरेन्त्सी १८८९ पासून काही वर्षे इथे राहिला. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्रकारांची वसाहत स्थापन झाली. १९३० च्या दशकात लायोश वायदा आणि देझो कोर्निश हे दोघे गल्ल्यांतून हिंडून खिडक्यांच्या चौकटी, थडग्यांवरची नक्षी, क्रूस यांची रेखाटने करत. त्यातून हंगेरियन आधुनिक चित्रकलेतली एक महत्त्वाची वाट निघाली. प्रवाशांची खरी गर्दी मात्र मार्गित कोवाच (१९०२–१९७७) या शिल्पकर्तीच्या संग्रहालयात असते. भाजलेल्या मातीतल्या तिच्या लांब मानेच्या, मिटल्या ओठांच्या बायका एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. संग्रहालय १९७३ मध्ये, तिच्या हयातीतच, उघडले.

गावापासून सुमारे ३ किमी.वर स्कान्झेन, म्हणजे उघड्यावरचे लोकजीवन संग्रहालय आहे. १९६७ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय १९७४ मध्ये लोकांना खुले झाले. देशाच्या वेगवेगळ्या भागांतली खरी घरे, गोठे, पाणचक्क्या, चर्चे सुटी करून इथे आणून पुन्हा जोडली आहेत. याला अर्धा दिवस लागतो. चर्चे आणि स्कान्झेन एकाच दिवसात उरकायचे म्हटले तर दोन्हीकडे नुसती पायपीट होते.

बुडापेस्टच्या बॉत्यानी चौकातून ‘हेव’ ही उपनगरी गाडी निघते आणि सुमारे ४० मिनिटांत पोहोचते. हा मार्ग १८८८ पासून चालू आहे. वाटेत आक्विन्कुम या रोमन शहराचे अवशेष गाडीतून दिसतात. शहराचे तिकीट किंवा पास बेकाश्मेद्येर स्थानकापर्यंतच चालतो, पुढच्या टप्प्याचे जोडतिकीट आधीच काढावे. उन्हाळ्यात बुडापेस्टहून बोटही असते: येताना प्रवाहाविरुद्ध सुमारे दीड तास, परतताना तासाभरात. चलन फोरिंट, हंगेरी शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो. सोमवारी बहुतेक संग्रहालये बंद असतात.

चौकाला लागूनच्या रस्त्यावर पाप्रिका मिरचीच्या माळा, भरतकामाचे झगे, मार्झिपान (बदामाची मिठाई) यांची दुकाने ओळीने आहेत, आणि दुपारी तिथे चालणे अवघड होते. दोन बोळ वर चढून गेले की गर्दी संपते. खाण्यात तळलेल्या पिठाचा, वर लसूण, आंबट साय आणि चीज घातलेला लांगोश आणि नदीतल्या माशांचे पाप्रिका घातलेले लालभडक सार, हालासले, ही दोन नावे पुरेशी. बोटी आणि गाड्या संध्याकाळी गर्दी घेऊन गेल्यावर दुनाकोर्झो हा नदीकाठचा रस्ता गावकऱ्यांचा होतो. त्यासाठी एक रात्र राहावे.

याच रस्त्यावर पुराचा धोका सर्वांत जास्त. जून २०१३ मध्ये डॅन्यूबची पातळी बुडापेस्टला ८९१ सेंमी.च्या विक्रमावर गेली होती. आता काठावर गरजेप्रमाणे जोडता-काढता येणारी पूरभिंत आहे; सप्टेंबर २०२४ च्या पुरात ती उभी केली गेली होती.

भेटीला मे-जून आणि सप्टेंबर हे महिने बरे. ऑगस्टमध्ये जायचे झाल्यास १९ तारीख धरावी. चामडे कमावणाऱ्यांनी बांधलेल्या प्रेओब्राझेन्स्का चर्चची त्या दिवशी जत्रा असते. सण मूळचा ६ ऑगस्टचा, पण सर्ब चर्च जुने ज्युलियन पंचांग पाळते, म्हणून तेरा दिवस उशिरा येतो. नव्या हंगामातल्या द्राक्षांना पुरोहित आशीर्वाद देतो, मग अंगणात हातात हात धरून कोलो नाच चालतो.