एचआयव्हीचा आकडा रातोरात 'अर्धा केला' म्हणे!

2007 मध्ये सरकारने एचआयव्हीवाल्यांचा आकडा 50 लाखांवरून 25 लाखांवर आणला, सगळी लपवालपवी, हे अजून फिरतंय. अहो, मोजायची पद्धत बदलली. आधीचा अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यांतल्या गरोदर बायका आणि गुप्तरोगाच्या ओपीडीतल्या पेशंटवरून काढलेला, म्हणजे फुगणारच की. मग 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन लाखाहून जास्त लोकांच्या बोटातून रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवर घेतले, वाळवले, नाव न लावता लॅबला पाठवले आणि 15 ते 49 वयात निघालं 0.28 टक्के, महाराष्ट्रात 0.62.

एवढ्याशा थेंबात काय कळणार? कळतं, पण एका टेस्टवर भागत नाही. समजा 200 निगेटिव्ह लोकांत टेस्ट एकदाच चुकते, तरी 10,000 जणांत 50 उगाच पॉझिटिव्ह दिसणार आणि खरे असतात 28च! म्हणून पॉझिटिव्ह नमुना दुसऱ्या वेगळ्या एलायझाने (रक्तातली एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडं शोधणारी टेस्ट) पुन्हा तपासला, दोन्हींचं जुळलं नाही तर वेस्टर्न ब्लॉट ही जास्त नेमकी टेस्ट.

हां, घरोघरच्या सर्व्हेत तुरुंगातले, रस्त्यावर राहणारे सुटतात हे खरंय, म्हणूनच 25 लाख हा आकडा नुसत्या सर्व्हेवरून नाही, दवाखान्यांची आणि जास्त धोका असलेल्या गटांची माहितीही त्यात धरलीय.