बुधवार, शुक्रवार, रविवार: मासे किती, मटण किती?

कोकण किनाऱ्यावर मासळी आणायला निघण्याआधी वार पाहिला जातो. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मध्येच संकष्टी किंवा एकादशी आली की तोही दिवस गेला. उरतात बुधवार, शुक्रवार, रविवार, आणि घरातलं कुणी फार काटेकोर नसेल तर मंगळवार. त्यात पुन्हा श्रावण, गणपती आणि १ जून ते ३१ जुलैची यांत्रिक बोटींची बंदी. हे वार कुणी आहारतज्ज्ञाने आखलेले नाहीत. तरीही आठवड्याचा हिशोब मांडला तर आपल्या पाळण्याचं आणि पोषणशास्त्राचं बऱ्यापैकी जमतं. गडबड आहे ती ताटातल्या बाकीच्या गोष्टींत, आणि अलीकडे मोठ्या माशाच्या हव्यासात.

आधी आकडे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली १६ देशांतल्या ३७ तज्ज्ञांनी मिळून एक आहार सुचवला. त्यात दिवसाला सरासरी मासे २८ ग्रॅम, कोंबडी २९ ग्रॅम आणि लाल मांस, म्हणजे मटण, बीफ, डुक्कर सगळं मिळून, १४ ग्रॅम. आठवड्याचं केलं तर मासे २०० ग्रॅम, कोंबडी तेवढीच आणि मटण जेमतेम १०० ग्रॅम. तिन्हींची खालची मर्यादा शून्य आहे, म्हणजे अजिबात खाल्लं नाही तरी आहार नीट बसवता येतो. माशांची वरची मर्यादा मात्र दिवसाला १०० ग्रॅमपर्यंत जाते. उलट जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला लाल मांस आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये असा. दोन आकड्यांत एवढी तफावत का? पहिल्या मंडळींनी माणसाच्या तब्येतीबरोबर जमीन, पाणी, हवामान यांचाही हिशोब धरला होता, दुसऱ्यांनी फक्त कर्करोगाचा. प्रश्न वेगळा, म्हणून उत्तर वेगळं.

आता हे २०० ग्रॅम बाजारात कसे दिसतात ते पाहू. मध्यम बांगडे किलोला सहा-सात बसतात. डोकं, आतडी, मधला काटा गेला की एका बांगड्यातून खायला ७०-८० ग्रॅम मिळतं. म्हणजे माणशी आठवड्याला तीन बांगडे. बुधवार, शुक्रवार, रविवार एकेक. सुरमईची बऱ्यापैकी तुकडी १०० ग्रॅमच्या आसपास भरते, तिच्या दोन झाल्या की कोटा पूर्ण.

प्रोटीनसाठी याहून जास्त लागत नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. एका बांगड्यातून १४-१५ ग्रॅम सुटतं, तितकंच मोठ्या वाटीभर घट्ट डाळीतून किंवा उसळीतून. बाकीचं भात, भाकरी, दूध-दही यांतून भरून निघतं. माशाशिवाय ताकद येत नाही हा आपल्याकडचा लाडका समज आहे. डाळ नीट खाल्ली तर तो टिकत नाही.

माशाचं खरं वैशिष्ट्य त्याच्या तेलात आहे. ही गोष्ट ग्रीनलंडपासून सुरू होते. १९७० च्या दशकात हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न डायरबर्ग हे डॅनिश संशोधक तिथल्या इन्युइट लोकांचं रक्त तपासत होते. सील आणि माशांची चरबी पोटभर खाणाऱ्या या लोकांच्या रक्तात चरबीचं प्रमाण वेगळंच दिसलं, आणि त्यातून ओमेगा-३ या स्निग्धाम्लांकडे जगाचं लक्ष गेलं. त्या लोकांना हृदयविकार कमी होतो हे गृहीतक पुढे बरंच लंगडं ठरलं, कारण मुळात तिथल्या आजारांच्या नोंदीच धड नव्हत्या. पण ओमेगा-३ चं शरीरातलं काम खरं निघालं. मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या पेशींना ती लागतात, आणि रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे चरबीचा एक प्रकार, ती उतरवतात.

गंमत म्हणजे मासा ही आम्लं स्वतः फारशी बनवत नाही. ती बनतात समुद्रातल्या डायॅटमसारख्या सूक्ष्म वनस्पतींमध्ये. तारली कल्ल्यांच्या जाळीतून पाणी गाळून या वनस्पती खाते. बांगडाही असाच गाळून खाणारा. म्हणून या दोघांच्या अंगात ओमेगा-३ भरपूर. पावसाळ्यात पाणी ढवळून खालची खतं वर येतात, वनस्पतींचं पीक फोफावतं, आणि पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत तारली तव्यावर टाकली की स्वतःचंच तेल सोडते. त्या दिवसांत तिला वेगळं तेल घालणं म्हणजे उधळपट्टी.

दिवसाला सरासरी २५० मिलिग्रॅम ओमेगा-३ पुरे मानतात. तेलकट मासळीत १०० ग्रॅममागे एक ग्रॅम धरलं तरी आठवड्याचे ते तीन बांगडे हे काम करतात. पापलेटमध्ये हे प्रमाण बांगड्या-तारलीच्या मानाने कमीच. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. चवीला तो शोभतोही. हृदयाच्या हिशोबाने मात्र त्याच टोपलीतली सर्वांत स्वस्त तारली वरचढ आहे, आणि पाहुण्यांपुढे तारली कशी ठेवायची म्हणून आपण कर्ज काढल्यासारखं पापलेट आणतो.

मग मासे नकोत, तेलाच्या कॅप्सूलच घेऊ का? अमेरिकेत जवळपास २६ हजार लोकांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत रोज ओमेगा-३ ची कॅप्सूल घेऊनही हृदयविकाराचे मोठे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण लक्षणीय घटलं नाही. माशांबद्दलही फार हुरळून जायला नको. ५८ देशांतल्या एक लाख ९१ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०२१ मध्ये एक अभ्यास आला. ज्यांना आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा विकार होता, त्यांच्यात आठवड्याला १७५ ग्रॅम किंवा जास्त मासे खाणाऱ्यांची परिस्थिती बरी दिसली. धडधाकट लोकांत फरक दिसला नाही. मासा म्हणजे औषध नव्हे, चांगलं अन्न आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि तेही कसं शिजवता यावर. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या एका पाहणीत (२००३) भाजलेले किंवा शेकलेले मासे खाणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले, तळलेले मासे खाणाऱ्यांत तसं काही दिसलं नाही. रवा लावून तेलात बुडवलेली सुरमई ही सणाची गोष्ट ठेवावी. तिरफळं घालून केलेलं बांगड्याचं तिखलं, केळीच्या पानात शेकलेली तारली, आमसुलाचं पातळ कालवण, हे रोजचं. नारळाच्या वाटणाबद्दल एकच सांगतो, खोबऱ्याच्या तेलात ८० टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी असते, तेव्हा ज्यांचं कोलेस्टेरॉल चढलंय त्यांनी रस्सा घट्ट करण्याचा सोस सोडावा. कोळंबीला मात्र लोक उगाच घाबरतात. तिच्यात कोलेस्टेरॉल असतं खरं, पण संपृक्त चरबी फार कमी, आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवण्यात मोठा हात संपृक्त चरबीचा असतो.

बांगड्याच्या बाबतीत ताजेपणाही आरोग्याचाच भाग. बांगडा, कुप्पा (ट्यूना), सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन हा प्रोटीनचा एक घटक भरपूर असतो. मासे बर्फाविना तापत पडले की जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि मग जेवल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. लोक म्हणतात मासा बाधला, आणि जन्मभर बांगडा सोडतात. बऱ्याचदा ती ॲलर्जी नसतेच. एकदा तयार झालेलं हिस्टामिन उकळून, तळून किंवा फ्रीजरमध्ये ठेवून जात नाही. म्हणून हर्णेच्या लिलावातून घेऊन पुण्या-मुंबईकडे निघालात तर मासळीइतकाच बर्फ सोबत हवा.

लहान मासळीचा आणखी एक फायदा आहे, ती काट्यासकट पोटात जाते. मांदेली, जवळा, सुका बोंबील यांतून कॅल्शियम मिळतं. ताज्या बोंबलात बहुतेक पाणीच. तोच वाळला की वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणि कालवं हे बी-१२ चं भांडार. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, ती तिसऱ्यांच्या छोट्या वाटीत कित्येक पटींनी भागते. शिवाय माशा-मांसातलं लोह शरीरात सहज शोषलं जातं आणि त्याच घासातल्या डाळी-भाजीतलं लोहही अधिक शोषलं जायला मदत करतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, तेव्हा ही बाब किरकोळ नाही.

पावसाळ्यातलं कुळथाची पिठी, भात आणि निखाऱ्यावर भाजलेला बोंबील हे जेवण या दृष्टीने पाहा. भातात लायसिन हा प्रोटीनचा घटक कमी, तो कुळीथ भरून काढतो. कुळथातलं लोह अंगी लागायला वीतभर बोंबील मदत करतो. मासा तिथे तोंडी लावण्यापुरता आहे, आणि तेवढा पुरतो. फक्त खारवलेल्या मासळीचं मीठ सांभाळावं. दिवसाला एकूण पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि खाऱ्या बांगड्याच्या एका तुकड्यात त्यातला बराच वाटा संपतो. गरम पाण्यात भिजवून, पाणी टाकून मग तो शिजवावा. रक्तदाब असलेल्यांनी सोडलेलाच बरा.

आता गडबडीकडे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे तृणधान्यांतून ४५ टक्क्यांपर्यंत ऊर्जा यावी. प्रत्यक्षात आपल्याकडे ती ५० ते ७० टक्के येते. आणि डाळी, मांस, मासे मिळून १४ टक्के हवी तिथे ६ ते ९ टक्के. कोकणातलं ताट याला अपवाद नाही. भाताचा डोंगर, त्यावर कालवण, कडेला तुकडी. आणि मासे आहेत त्या दिवशी भाजी कोण करतं? फळं-भाज्या दिवसाला किमान ४०० ग्रॅम हव्यात, त्या बुधवार-शुक्रवार-रविवारी जवळपास शून्यावर येतात. माझ्या मते मासे वाढवावे की कमी करावे यापेक्षा इथला पहिला बदल हा आहे: त्याच कालवणाबरोबर भाताची एक मूद कमी आणि लाल माठाची भाजी किंवा काकडीची कोशिंबीर जास्त. शाकाहारी वारांना नुसत्या वरणाच्या पाण्यावर भागवू नये, घट्ट उसळ हवी.

मटणाचं थोडक्यात आटपतं. आपलं मटण बहुधा बोकडाचं, आणि ते त्यातल्या त्यात कमी चरबीचं. गौरीच्या तिखट्या नैवेद्याला, शिमग्याला, जत्रेनंतर, महिन्यातून दोन-चारदा आलं तर काळजीचं कारण नाही. कोंबडी-वडे हा प्रकार धोकादायक असेल तर वड्यांमुळे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे खारवून, धुरावून किंवा रसायनं घालून टिकवलेलं सॉसेज, सलामी, बेकन, कर्ककारक गटात टाकलं. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे गोव्याहून येणारं चोरिस हे डुकराच्या मांसाचं सॉसेजही त्यात मोडतं. तंबाखू त्याच गटात आहे म्हणून सॉसेज तंबाखूइतकं वाईट, असा मात्र अर्थ नाही. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार नव्हे. असं मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. समजा शंभरात पाच जणांना तो होणार असेल, तर सहा जणांना होईल. सुका बोंबील या व्याख्येत येत नाही.

राहिली मोरी, म्हणजे शार्क. मालवणकडे बाळंतिणीला मोरीचं कालवण द्यायची रीत आहे, दूध वाढतं म्हणून. दूध वाढत असल्याचा ठोस पुरावा नाही, पण बाळंतिणीला जादा प्रोटीन लागतं हे खरंच. प्रश्न पाऱ्याचा आहे. समुद्रातला पारा जीवाणूंमुळे मिथिल पाऱ्यात बदलतो, लहान जीवांत थोडा, त्यांना खाणाऱ्यांत जास्त, आणि वर्षानुवर्षं जगणाऱ्या मोठ्या शिकारी माशांत सर्वांत जास्त साठतो. जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ मध्ये उघडकीला आलेल्या विषबाधेत कारखान्याचं सांडपाणी कारण होतं, आणि आईला फारसा त्रास न होताही पोटातल्या बाळाचा मेंदू बिघडल्याचं तिथे दिसलं. पारा मांसातल्या प्रोटीनला चिकटलेला असतो, धुऊन-शिजवून निघत नाही. म्हणून अमेरिकेतल्या सरकारी सल्ल्यात गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना शार्क पूर्ण वर्ज्य सांगितला आहे, पण त्याचबरोबर कमी पाऱ्याची मासळी आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खायलाही सांगितलं आहे, कारण बाळाच्या मेंदूला ओमेगा-३ हवंच.

आपल्या किनाऱ्यावरची मुशी, म्हणजे लहान जातीची मोरी, पूर्ण वाढली तरी साधारण हातभर लांब, कोळंबी आणि बारीक मासळी खाणारी. खोल समुद्रातल्या राक्षसी शार्कची गोष्ट वेगळी. पण बाजारात मोरी म्हणून कातडं सोललेले तुकडे समोर आले की मूळ जनावर केवढं होतं ते कळायला मार्ग नसतो. तेव्हा बाळंतिणीसाठी बांगडा, तारली, मांदेली, मुडदुशी आणावी. मोरी द्यायचीच असेल तर अख्खी, लहान पाहून घ्यावी आणि तीही अधूनमधून. मोठ्या मोरीचे तुकडे घरातल्या बाकीच्या मोठ्या माणसांनी खावेत.