देवावर भरवसा ठेवणं आणि हातावर हात ठेवून बसणं

‘माणसाच्या बळावर नको, देवावर भरवसा ठेव’ असं कुणी म्हटलं की पुढचं वाक्य हमखास जोडलं जातं: म्हणजे आपण काही करायचं नाही. इब्री शास्त्रात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात, असं कुठेही शिकवलेलं नाही. तरी हा अर्थ पुन्हा पुन्हा सांगितला जातो आणि त्यापायी माणसं तयारी सोडतात, औषधं सोडतात. याचा मला मनापासून त्रास होतो.

इस्राएलचा सेनानी गिदोन याची गोष्ट बायबल वाचणाऱ्या सगळ्यांना पाठ असते. देवाच्या सांगण्यावरून 32,000 माणसांतून 300च ठेवली आणि शत्रू असलेले मिद्यानी पळाले. पण त्या 300 जणांच्या तीन टोळ्या केल्या होत्या, प्रत्येकाकडे रणशिंग आणि घागरीत लपवलेली मशाल होती, आणि शत्रूचा पहारा नुकताच बदलला तेव्हाची वेळ साधली होती. हा भाग सांगताना गाळला जातो.

खरी गल्लत कळते ती यहूदाचा राजा हिज्कीया याच्या यरुशलेमात. इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. हिज्कीयाने शहराबाहेरचे झरे बुजवले, पडका तट बांधून काढला, बाहेर दुसरा तट घातला, ढाली आणि शस्त्रं घडवून घेतली. गीहोन झऱ्याचं पाणी शहरात आणायला खडकातून सुमारे 533 मीटरचा बोगदा खोदला. दोन्ही टोकांकडून खोदत आलेल्या माणसांना, मधला खडक तीन हात उरला तेव्हा, पलीकडच्यांच्या हाका ऐकू आल्या, असं तिथे 1880 मध्ये सापडलेल्या शिलालेखात कोरलेलं आहे. इतिहासाचं दुसरं पुस्तक ही सगळी तयारी सांगतं आणि लगेच राजाचं बोलणं देतं: त्याच्याकडे मांसाचा बाहू, म्हणजे नुसतं माणसाचं बळ आहे, आपल्याकडे आपला देव आहे. तट आणि भरवसा एकाच अध्यायात येतात, आणि लेखकाला त्यात काही विसंगत वाटत नाही.

आता त्याच काळातला संदेष्टा यशया याच्या पुस्तकाचा 22वा अध्याय काढा. तिथेही शस्त्रागार आहे, तटाची खिंडारं आहेत, तट मजबूत करायला पाडलेली घरं आहेत, दोन तटांमधला पाण्याचा हौद आहे. कामं जवळपास तीच, आणि यशया मात्र संतापतो: ज्याने हे घडवून आणलं त्याच्याकडे तुम्ही पाहिलंच नाही! देव शोक करायला बोलावत होता आणि शहरात बैल कापून मेजवान्या चालल्या होत्या. हौद बुजवा, असं यशया म्हणत नाही. त्याची तक्रार नजरेबद्दल आहे. साधन वापरणारा आणि साधनावरच विसंबणारा, दोघांच्या हातात कुदळ तीच असते, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याची फसगत होते.

यश मिळालं म्हणजे भरवसा बरोबर होता, हेही खरं नाही. हिज्कीयाच्या आधी होऊन गेलेल्या यहूदाच्या आसा राजाने कूश देशाच्या जेरहाशी लढताना मोठं सैन्य घेऊन देवाचा धावा केला आणि जिंकला. पुढे शेजारच्या इस्राएलचा राजा बाशा रामा नगराची तटबंदी करू लागला, तेव्हा आसाने मंदिराच्या भांडारातलं सोनं-रुपं अरामचा राजा बेन-हदाद याला पाठवून मदत विकत घेतली. डाव अगदी फत्ते झाला. बाशाने काम सोडलं, आसाने त्याचेच दगड नेऊन गिबा आणि मिस्पा बांधले. तरी देवाऐवजी अरामच्या राजावर विसंबल्याबद्दल हनानी द्रष्ट्याने त्याला सुनावलं, आणि आसाने हनानीलाच कैदेत टाकलं.

कराराचा कोश, म्हणजे देवाच्या सान्निध्याची खूण मानलेली पवित्र पेटी, रणात नेला की विजय ठरलेलाच, हीही एक समजूत. एली याजकाच्या मुलांनी तो नेला, इस्राएल हरलं आणि कोशही गेला. याहून जास्त बोलायची गरज नाही.

याच आसाच्या पायांना मोठा आजार झाला तेव्हा त्याने देवाला न शोधता फक्त वैद्यांना शोधलं, अशी नोंद आहे. तेवढी ओळ दाखवून रुग्णाला दवाखान्यापासून अडवणाऱ्यांनी राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा 20वा अध्यायही वाचावा. मरणाच्या दारात पडलेल्या हिज्कीयाने भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना केली, देवाने ऐकल्याचा निरोप यशयाने आणला, आणि त्याच यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला.